नैराश्याच्या गोळ्या: छातीतली धडधड वेगळी, ईसीजीवरचा क्यूटी वेगळा

तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे उत्तर कशाला धरून आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमचं वय ३४, तुम्ही स्त्री आहात. काही महिने झोप उडालेली, कशात मन लागत नाही, सारखी धास्ती. म्हणून डॉक्टरांनी एस्सिटालोप्रॅम रोज १० मिलिग्रॅम सुरू केलं. चार-पाच दिवसांत छातीत धडधड सुरू झाली, मधूनच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटू लागला. शोधाशोध केलीत तेव्हा ‘ही गोळी क्यूटी वाढवते’ असं वाचलंत (क्यूटी म्हणजे ईसीजीवर मिलिसेकंदांत मोजला जाणारा एक वेळ, नीट समजावतो पुढे) आणि घाबरून ईसीजी काढलात. त्यावर नाडी १०८, क्यूटी ३४६, क्यूटीसी ४६४ आणि खाली यंत्राने छापलेलं ‘बॉर्डरलाइन क्यूटी’. वडिलांना ५८व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. नऊ दिवस गोळी घेतलीत, आता दोन दिवस बंद आहे, आणि विचारताय, या गोळीने माझं हृदय बिघडतंय का? कायमची सोडू का?

मी मनोविकारतज्ज्ञ आहे आणि ही भीती मला नवी नाही. गोळी सुरू केल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत पेशंटचे जे फोन येतात, त्यांतले कितीतरी छातीच्या तक्रारीचे असतात. तुम्हाला मी तपासलेलं नाही, तुमचा ईसीजी पाहिलेला नाही, आधीचे आजार आणि चालू असलेली इतर औषधं मला माहीत नाहीत. त्यामुळे काही ठिकाणी ‘हे अमक्यावर अवलंबून आहे’ एवढंच म्हणता येईल. पण तुम्ही आकडे नीट दिले आहेत आणि त्यांवरून बरंच सांगता येतं.

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. एक, छातीत जे जाणवतंय ते. दुसरी, कागदावर जे छापून आलंय ते. तुम्ही साहजिकच असं धरलंय की जाणवणारी धडधड हीच कागदावरच्या धोक्याची खूण आहे. पण वाढलेला क्यूटी कुणालाही जाणवत नाही. तो ५०० वर गेला तरी छातीत काही होत नाही. तो फक्त ईसीजीवर दिसतो. आणि तुमच्यासारखी जी धडधड गोळी सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात होते, तिचा क्यूटीशी बहुधा काही संबंध नसतो. एवढं एक वेगळं करता आलं, तर पुढचं सगळं सोपं जातं.

आधी धडधडीचं बघू. एस्सिटालोप्रॅम, सरट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन ही एसएसआरआय गटातली औषधं. चेतापेशींमधून बाहेर पडलेलं सेरोटोनिन पुन्हा आत ओढून घेतलं जातं, ते ही औषधं अडवतात. हे काम पहिल्या गोळीनंतर काही तासांतच सुरू होतं. मन सावरायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात, पुष्कळांना सहा, कारण पेशींना या वाढलेल्या सेरोटोनिनशी जुळवून घ्यायला तेवढा वेळ लागतो. मधल्या काळात फायदा कमी आणि त्रास जास्त अशी अवस्था येते. मळमळ, घाम, हाताला कंप, आतून उगाचच अस्वस्थ वाटणं, झोप आणखी उडणं आणि धडधड. ज्यांना आधीपासून चिंतेचा किंवा पॅनिकचा त्रास आहे त्यांना हे जास्त होतं. म्हणून अशा पेशंटना मी नेहमीच्या डोसच्या निम्म्याने सुरुवात करतो: एस्सिटालोप्रॅम असेल तर ५ मिलिग्रॅम, सरट्रालिन असेल तर २५, आणि आठवडाभराने वाढवतो. तुम्हाला थेट १० दिलं यात चूक काही नाही, तो मान्य डोस आहे. पण तुम्ही ‘सारखी धास्ती’ असं लिहिलंय ते वाचून मी हळू गेलो असतो.

आता चुकलेल्या ठोक्याबद्दल. ठोका प्रत्यक्षात चुकत नाही, तो थोडा लवकर पडतो. लवकर पडल्यामुळे त्या वेळी हृदयात रक्त पुरेसं भरलेलं नसतं, म्हणून तो ठोका जाणवतच नाही. त्यानंतर जरा लांब थांबा येतो, त्या वेळात रक्त जास्त भरतं आणि पुढचा ठोका दणकन लागतो. माणसाला जाणवतो तो हा थांबा आणि हा दणका. निरोगी माणसाला २४ तास होल्टर (सतत ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र) लावून ठेवलं तरी असे सुटे ठोके बहुतेक वेळा सापडतात. कमी झोप, खूप कॉफी, ताप, ताण यांनी ते वाढतात. रात्री डाव्या कुशीवर पडल्यावर जास्त कळतात, कारण तेव्हा हृदय छातीच्या भिंतीला जवळ येतं आणि बाहेर आवाजही नसतो.

याच्या जोडीला लक्ष असतं. गोळी हृदयाला त्रास देते असं वाचल्यावर माणूस नाडी मोजत बसतो, घड्याळावरचा आकडा तासातासाला बघतो. भीतीने ॲड्रेनलिन वाढतं, त्याने ठोके वाढतात, वाढलेले ठोके पाहून भीती वाढते. ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असं मी मुळीच म्हणत नाही. नाडी खरोखरच १०८ आहे, ती मोजली गेली आहे. फक्त ती वाढायला हृदयात बिघाड असावाच लागतो असं नाही.

यात एक अपवाद लक्षात ठेवा. धडधडीबरोबर ताप, हातापायांना जोरदार झटके किंवा ताठरपणा, जुलाब, खूप घाम आणि गोंधळल्यासारखं होणं असं सगळं काही तासांत एकदम आलं, तर ते सेरोटोनिन जास्त झाल्याचं लक्षण असू शकतं. हे एकट्या १० मिलिग्रॅमने सहसा होत नाही. सोबत ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक, लिनेझोलिडसारखं प्रतिजैविक किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फॅन असलेलं खोकल्याचं औषध चालू असेल तर होऊ शकतं. तेव्हा थेट रुग्णालय गाठायचं.

आता कागदाकडे येऊ. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या स्नायूला विजेच्या दृष्टीने पुन्हा सज्ज व्हावं लागतं. जुन्या कॅमेऱ्याचा फ्लॅश एकदा उडाला की पुन्हा भरेपर्यंत थांबावं लागायचं, तसंच. ईसीजीवर क्यू या खुणेपासून टी या लाटेच्या शेवटापर्यंतचा जो वेळ, त्यात स्नायू आकुंचनाचा संकेत घेतो आणि पुन्हा सज्ज होतो. हा वेळ मिलिसेकंदांत मोजतात. तो फार लांबला आणि नेमका त्या अर्धवट भरलेल्या अवस्थेत एखादा लवकरचा ठोका पडला, तर एक विशिष्ट प्रकारचा वेडावाकडा वेगवान ताल सुरू होऊ शकतो. १९६६ साली देसरतेन या फ्रेंच डॉक्टरांनी त्याचं वर्णन करून त्याला टोर्साद द पॉइंत असं नाव दिलं. तो थांबला नाही तर जिवावर बेततो, आणि क्यूटीबद्दलची सगळी धास्ती या एका गोष्टीसाठी आहे.

नाडी जलद असेल तर क्यूटी आपोआप आखूड होतो आणि मंद असेल तर लांबतो. म्हणून सगळ्यांची तुलना करता यावी यासाठी तो मिनिटाला ६० ठोक्यांच्या हिशेबात आणतात. त्याला क्यूटीसी म्हणतात. साधारणपणे पुरुषांत ४५० आणि स्त्रियांत ४६० पर्यंत ठीक धरतात. ५०० च्या वर गेला की आम्ही औषध बदलतो, थांबवतो, हृदयरोगतज्ज्ञांना फोन करतो. मधल्या पट्ट्यात विचार करायचा असतो, घाबरायचं नसतं.

तुमचे ४६४ कसे आले ते पाहा. बहुतेक यंत्रं बॅझेट यांचं १९२० चं सूत्र वापरतात: क्यूटीला दोन ठोक्यांमधल्या अंतराच्या वर्गमुळाने भागायचं. नाडी १०८ म्हणजे दोन ठोक्यांत ०.५५६ सेकंद. त्याचं वर्गमूळ ०.७४५. ३४६ ला ०.७४५ ने भागलं की ४६४ येतात. यंत्राने गणित बरोबर केलंय. पण हे सूत्र नाडी ६० ते १०० च्या बाहेर गेली की डळमळतं. नाडी जलद असली की ते क्यूटीसी फुगवून दाखवतं आणि मंद असली की कमी दाखवतं. त्याच वर्षी फ्रिडेरिशिया यांनी वर्गमुळाऐवजी घनमूळ घेणारं सूत्र मांडलं, जे जलद नाडीत कमी चुकतं. ०.५५६ चं घनमूळ ०.८२२. ३४६ भागिले ०.८२२ म्हणजे ४२१. तोच ईसीजी, तोच क्यूटी, तेच हृदय; आणि आकडा ४६४ वरून ४२१ वर आला.

घाबरलेला माणूस ईसीजी काढायला जातो, घाबरल्यामुळे नाडी जलद असते, जलद नाडीमुळे बॅझेटचा आकडा फुगतो आणि तो फुगलेला आकडा पाहून माणूस आणखी घाबरतो. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे, आणि चांगली लागू पडत आलेली औषधं अशा एका ओळीपायी कचऱ्यात गेलेलीही पाहिली आहेत. म्हणून यंत्राने छापलेल्या ओळीवर मी कधीच निर्णय घेत नाही. पेशंटला दहा मिनिटं शांत पडू देतो, नाडी खाली आली की पुन्हा पट्टी काढतो आणि क्यूटी हाताने मोजतो. फ्रिडेरिशियाही फार जलद नाडीत पूर्ण भरवशाचं नाही. तेव्हा ४२१ हा माझा अंतिम निकाल समजू नका. शांत अवस्थेतला दुसरा ईसीजी हवाच. पण तुमच्या पहिल्या ईसीजीत मला धोका दिसत नाही, हे स्पष्ट लिहितो.

मग एस्सिटालोप्रॅम क्यूटी वाढवत नाही का? वाढवतं. सरासरी १० मिलिग्रॅमला साधारण ४.५ मिलिसेकंद, ३० मिलिग्रॅमला १०.७. त्याचा जवळचा नातेवाईक सिटालोप्रॅम जास्त वाढवतो: २० मिलिग्रॅमला ८.५ आणि ६० ला १८.५. या आकड्यांमुळेच अमेरिकेच्या औषध नियामकाने ऑगस्ट २०११ मध्ये सिटालोप्रॅम दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर देऊ नये असा इशारा दिला आणि मार्च २०१२ मध्ये ६० वर्षांवरच्यांसाठी ही मर्यादा २० वर आणली. ब्रिटनच्या नियामकाने ६५ वर्षांवरच्यांसाठी एस्सिटालोप्रॅमची मर्यादा १० केली. तुम्ही वाचलेली बहुतेक माहिती या इशाऱ्यांवरूनच आलेली असणार. इशारे योग्यच आहेत. पण ४.५ मिलिसेकंद म्हणजे किती? तुमचा स्वतःचा क्यूटीसी झोप, जेवण, जाग यांच्याबरोबर दिवसभरात याहून जास्त वर-खाली होत असतो.

धोका क्वचितच एका गोळीतून तयार होतो. तो साचत जातो. टोर्सादच्या हकिगती वाचल्या तर त्यांत बहुतेक वेळा एकाच माणसात तीन-चार गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात: वय जास्त, आधीच कमकुवत हृदय, रक्तात पोटॅशियम कमी, आणि क्यूटी वाढवणारं दुसरं एखादं औषध. म्हणून अशी गोळी लिहिण्याआधी मी जे प्रश्न विचारतो ते इथे देतो. तुम्हीही ते स्वतःला विचारा.

सध्या उलट्या-जुलाब झालेत का, किंवा लघवी जास्त होण्याची गोळी चालू आहे का? दोन्हींत पोटॅशियम आणि मॅग्नेशियम शरीरातून निघून जातं आणि ते कमी झालं की क्यूटी लांबतो. वजन झपाट्याने उतरलंय का, जेवण जवळजवळ बंद आहे का? नैराश्यात हे सर्रास असतं आणि याबद्दल फारसं कुणी विचारत नाही. गेल्या काही दिवसांत दुसऱ्या डॉक्टरांनी कोणतं औषध दिलंय का? इथे बारकाईने आठवा, कारण बहुतेकांना ही औषधं हृदयाशी जोडलेली वाटतच नाहीत. घशाला किंवा छातीला दिलेलं अझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन. बुरशीसाठी फ्लुकोनाझोल. उलटीसाठी ऑन्डानसेट्रॉन किंवा डोमपेरिडोन. संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. मानसिक आजाराचंच दुसरं औषध, जसं हॅलोपेरिडॉल. हृदयाच्या तालासाठी अमिओडारोन किंवा सोटॅलॉल. ॲसिडिटीसाठी घेतलं जाणारं ओमेप्राझोल स्वतः क्यूटीला हात लावत नाही, पण यकृतातलं जे एन्झाइम एस्सिटालोप्रॅमचा निचरा करतं ते मंदावतं आणि गोळीची रक्तातली पातळी वाढते. गोळीने मळमळ होते म्हणून डोमपेरिडोन, ॲसिडिटी होते म्हणून ओमेप्राझोल, अशी भर नकळत पडत जाते. तुमच्या पिशवीत यांतलं काही असेल तर ते तुमच्या डॉक्टरांना कळायलाच हवं.

यांतलं काहीच नसेल, वय ३४, हृदयाचा आजार नाही, १० मिलिग्रॅम, तर माझ्या दृष्टीने ही कमी धोक्याची परिस्थिती आहे. पुष्कळ ठिकाणी अशा तरुण पेशंटचा गोळीआधी ईसीजी काढतही नाहीत आणि ते चुकीचं नाही. साठीच्या पुढच्यांचा, हृदयविकार असलेल्यांचा आणि वरच्या यादीतलं औषध चालू असलेल्यांचा मी आधी एक आणि डोस स्थिरावल्यावर एक असा ईसीजी काढतो.

सगळ्या नैराश्याच्या गोळ्यांना एकाच मापाने मोजू नका. एसएसआरआयच्या आधीच्या पिढीतली ॲमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन ही ट्रायसायक्लिक औषधं हृदयाच्या बाबतीत खरोखर वेगळी आहेत. ती हृदयातले सोडियमचे मार्ग अडवतात, विजेचं वहन मंदावतात, नाडी वाढवतात, उभं राहिल्यावर बीपी एकदम उतरवतात, आणि जास्त गोळ्या एकदम पोटात गेल्या तर प्राणघातक ठरतात. १९८९ मध्ये कास्ट नावाच्या अमेरिकी चाचणीत असं दिसलं की हार्ट अटॅकनंतर ताल सुधारण्यासाठी दिलेल्या फ्लेकेनाइडसारख्या, सोडियमचे मार्ग अडवणाऱ्या औषधांनी मृत्यू उलट वाढले. ट्रायसायक्लिकही काहीसं तसंच वागत असल्याने अटॅक येऊन गेलेल्यांना ती देणं टाळलं जाऊ लागलं. ‘नैराश्याच्या गोळ्या हृदयाला वाईट’ हा समज बराचसा त्या पिढीच्या औषधांवरून आला आहे. इतरांबद्दल थोडक्यात: व्हेनलाफॅक्सिन डोस वाढेल तसं बीपी वाढवतं, तिथे बीपी मोजत राहावं लागतं. बुप्रोपिऑनही बीपी वाढवू शकतं. मिर्टाझापिन तालाला फारसा धक्का देत नाही, पण वजन आणि कोलेस्टेरॉल वाढवतं. ट्रॅझोडोनने उभं राहताना चक्कर येऊ शकते.

हृदयरोग असलेल्यांसाठी सर्वांत जास्त तपासलं गेलेलं औषध म्हणजे सरट्रालिन. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सॅडहार्ट चाचणीत नुकताच हार्ट अटॅक आलेल्या किंवा अस्थिर अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून विश्रांतीतही छातीत दुखणं) असलेल्या ३६९ नैराश्यग्रस्तांना सरट्रालिन किंवा बनावट, म्हणजे औषध नसलेली, गोळी दिली गेली. सरट्रालिनने हृदयाचं काम बिघडलं नाही. आणि तुम्ही घेताय ते एस्सिटालोप्रॅम? कोरियात ३०० पेशंटवर त्याची चाचणी झाली. सगळ्यांना हृदयाचा तीव्र झटका येऊन गेलेला आणि नैराश्यही असलेलं. २४ आठवडे औषध दिलं आणि नंतर सरासरी आठ वर्षं पाठपुरावा केला. मृत्यू, पुन्हा अटॅक किंवा अँजिओप्लास्टी यांपैकी काहीतरी घडलं ते एस्सिटालोप्रॅम घेतलेल्यांत ४०.९ टक्के आणि बनावट गोळीवाल्यांत ५३.६ टक्के. एका चाचणीवरून ‘ही गोळी हृदयाचं रक्षण करते’ असं मी म्हणणार नाही. पण आजारी हृदयांवर तपासलेलं हे औषध आहे, एवढं नक्की म्हणतो.

तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहायला हवं. उपचार न केलेलं नैराश्य हृदयाला निरुपद्रवी नसतं. १९९३ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी हार्ट अटॅक आलेल्या २२२ जणांचा सहा महिने पाठपुरावा केला आणि नैराश्य असलेल्यांत मृत्यू कितीतरी जास्त आढळले. २०१४ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने तीव्र हृदयविकारानंतरच्या नैराश्याला जोखमीचा घटक मानावं अशी शिफारस केली. झोप नाही, चालणं बंद, सिगारेट वाढलेली, बीपीच्या गोळ्या विसरलेल्या, आणि सतत ताणाखालचं शरीर. हृदय वाचवण्यासाठी म्हणून नैराश्याचा उपचार सोडणारा माणूस याच गोष्टींकडे परत जातो. आणि नैराश्याचा सर्वांत मोठा धोका हृदयाचा नाहीच. तो आत्महत्येच्या विचारांचा आहे. गोळी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत, विशेषतः २५ वर्षांखालच्यांत, असे विचार वाढू शकतात. तुमच्या मनात असं काही येत असेल तर हे उत्तर इथेच सोडा आणि आत्ताच घरातल्या कुणाला तरी सांगा, डॉक्टरांना फोन करा.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांना आधीच हृदयाची औषधं चालू आहेत, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन मेटोप्रोलॉल या नाडी मंदावणाऱ्या औषधाचा निचरा अडवतात. नाडी फार मंदावते, चक्कर येते. फ्लुओक्सेटिन आणि फ्लुव्होक्सामिन क्लोपिडोग्रेलला (रक्ताची गुठळी होऊ न देणारं औषध) शरीरात कामाला लागू देत नाहीत, त्यामुळे स्टेंट बसवलेल्यांत मी ती टाळतो. कुठलंही एसएसआरआय ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, मुख्यतः पोटातल्या. वयस्कांत, त्यातही थायझाइड गटातली बीपीची गोळी चालू असेल तर, सोडियम उतरतं. सुस्ती आणि गोंधळ दिसला तर रक्त तपासा. ही औषधं एकत्र देता येतात आणि दिली जातात, पण दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या माहीत असायला हव्यात.

तुम्ही गोळी बंद केलीत त्याबद्दल. नऊ दिवसांनी थांबवल्याने फार काही बिघडत नाही, तेव्हा त्याची नवी काळजी लावून घेऊ नका. महिनोन्‌महिने घेतल्यावर मात्र ती एका दिवसात सोडायची नसते. चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होणं, चिडचिड, विचित्र स्वप्नं आणि पुन्हा धडधड असा त्रास होतो. पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिनमध्ये तो सर्वांत जास्त. फ्लुओक्सेटिन शरीरातून फार हळू उतरतं म्हणून त्यात कमी. धडधड थांबावी म्हणून गोळी सोडली आणि सोडल्यामुळे धडधड वाढली, असं सांगणारे पेशंट प्रत्येक मनोविकारतज्ज्ञाला भेटतात.

कधी थांबायचं नाही, लगेच जायचं, ते नीट वाचा. शुद्ध हरपली, विशेषतः चालता-पळताना किंवा बसल्या जागी काही पूर्वसूचना न मिळता. छातीत दाब किंवा दुखणं, ते हात-जबड्याकडे जाणं, सोबत घाम. धडधडीबरोबर धाप लागणं किंवा डोळ्यांपुढे अंधारी. बसलेले असताना नाडी खूप वेगाने चालते आहे आणि बराच वेळ उतरतच नाही. यांत इथलं कुठलंही उत्तर वाचत बसायचं नाही आणि ‘पॅनिक असेल’ असं स्वतः ठरवायचं नाही. टोर्साद जाणवतो तेव्हा तो सहसा चक्कर किंवा बेशुद्धी म्हणूनच जाणवतो. म्हणूनच तुमच्या धडधडीपेक्षा ‘कधी बेशुद्ध पडलात का’ या प्रश्नाचं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, हे चांगलं लक्षण आहे.

तुम्ही माझ्यासमोर बसला असता तर मी काय केलं असतं ते सांगतो, ते तुमच्या डॉक्टरांशी बोला. शांत पडून दुसरा ईसीजी. पोटॅशियम, मॅग्नेशियम, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. कारण रक्त कमी असलं किंवा थायरॉइड जास्त असलं तरी अशीच धडधड आणि अशीच धास्ती असते, आणि तुमची नाडी १०८ असण्याला हेही एक कारण असू शकतं. हे ठीक असेल तर तीच गोळी ५ मिलिग्रॅमने पुन्हा सुरू, आठवड्या-दोन आठवड्यांनी १०. सकाळी घ्यायची, म्हणजे झोपेला त्रास कमी. कॉफी निम्म्यावर. मनगटावरचं घड्याळ काही दिवस ड्रॉवरमध्ये. धडधड फारच असह्य असेल तर काही डॉक्टर थोडे दिवस प्रोप्रानोलॉल हे नाडी मंदावणारं औषध देतात. दमा असेल तर ते चालत नाही. शांत ईसीजीतही क्यूटीसी खरोखर जास्त निघाला तर मी सरट्रालिनकडे वळलो असतो. यांपैकी कुठल्याही वाटेत ‘आता नैराश्याचा उपचारच नको’ असा फाटा नाही.

राहिला वडिलांचा मुद्दा. त्यांना अटॅक आला तो हृदयाच्या रक्तवाहिन्या चोंदल्यामुळे. क्यूटीचा प्रश्न विजेच्या तालाचा आहे. एकाचा दुसऱ्याशी थेट संबंध नाही. शिवाय वडिलांना किंवा भावाला ५५च्या आत, आई किंवा बहिणीला ६५च्या आत अटॅक आला तर आम्ही तो लवकरचा धरतो. ५८ त्यात बसत नाही. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल तपासत राहा, ते या गोळीशिवायही करायलाच हवं. क्यूटीसाठी घरच्यांना विचारायचे प्रश्न वेगळे आहेत: कुटुंबात कुणी ४०च्या आत अचानक, कारण न कळता गेलं आहे का? पोहता येत असूनही कुणी बुडालं का? दचकल्यावर किंवा पळताना बेशुद्ध पडणारं कुणी आहे का, फिट येते म्हणून औषध चालू असलं तरी? जन्मतः बहिरं कुणी? क्यूटी लांब असण्याचा एक आनुवंशिक आजार असतो आणि तो अशा गोष्टींतून ओळखू येतो. एकाही प्रश्नाला ‘हो’ आलं तर गोळी पुन्हा सुरू करण्याआधी ते डॉक्टरांना सांगा आणि हृदयरोगतज्ज्ञांना ईसीजी दाखवा. सगळीकडे ‘नाही’ असेल तर उद्या डॉक्टरांना फोन करून ५ मिलिग्रॅमबद्दल विचारा, आणि दुसरा ईसीजी काढल्यावर त्यातली नाडी आणि क्यूटी हे दोन आकडे इथे लिहा. मी दोन्ही सूत्रांनी हिशेब करून देईन.